वाचकांचे प्रश्न: बॉन्ड तोडायला किती नॅनोमीटरचा प्रकाश लागतो?

नमस्कार मंडळी. यावेळी तिन्ही प्रश्न किनाऱ्यावरून आलेत आणि तिन्ही उन्हाबद्दल आहेत. एक परीक्षेचा, एक धंद्याचा, एक उन्हाळी वाळवणाचा. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते वाचलंत की पुढची दोन पटकन कळतील, म्हणून त्याच क्रमाने घेतोय.

प्रश्न १ (बारावी सायन्सची विद्यार्थिनी, मालवण): क्लासच्या शीटमध्ये गणित होतं, क्लोरीनची बॉन्ड एन्थाल्पी (बॉन्ड म्हणजे दोन अणूंमधला बंध, आणि ही तो तोडायला लागणारी ऊर्जा) २४२ किलोज्यूल पर मोल दिलीये, तर तो बॉन्ड तोडू शकणाऱ्या प्रकाशाची जास्तीत जास्त वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) काढा. माझं उत्तर आलं ८.२ गुणिले १० चा उणे ३१ वा घात मीटर, मैत्रिणीचं ४९४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). शीटमागे मैत्रिणीचं उत्तर दिलंय, पण फॉर्म्युला तर दोघींनी एकच वापरलाय. आणि तोडायला कमीत कमी काहीतरी लागायला हवं ना, मग "जास्तीत जास्त" का विचारतात? अजून एक, बाबा म्हणतात पडवीची ताडपत्री वतान खाल्ल्यान (उन्हानं खाल्ली), ते पण हेच का?

उत्तर: अगं, आधी तुझं उत्तर फॉर्म्युला बाजूला ठेवून नुसतं बघ. प्रोटॉनचा आकार साधारण १० चा उणे १५ वा घात मीटर असतो, आणि तुझी वेव्हलेंग्थ त्याहूनही १५ घातांनी लहान निघाली, इतकी छोटी वेव्हलेंग्थ कुठल्या गॅमा किरणाचीही नसते, मग क्लोरीनसारख्या साध्या गॅसला ती कशाला लागेल. असं उत्तर आलं की पेन तिथेच थांबवायचं. केमिस्ट्रीतल्या बॉन्डसाठी उत्तर साधारण १०० ते १००० नॅनोमीटरच्या मध्ये कुठेतरी यायला हवं, एवढं डोक्यात ठेवलंस तर एमसीक्यूमध्ये अर्धे ऑप्शन न सोडवताच उडतात.

तुझं राहिलंय ते "पर मोल". २४२ किलोज्यूल ही एका बॉन्डची किंमत नाही, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या बॉन्डची मिळून आहे. आणि प्रकाश जेव्हा बॉन्ड तोडतो तेव्हा एक फोटॉन (प्रकाशाचं एक सुटं पुडकं) एका रेणूवर आपटतो, मोलभर रेणूंवर नाही. म्हणून आधी एका रेणूचा हिशोब काढायचा. २,४२,००० ज्यूलला ॲव्होगॅड्रोच्या आकड्याने (मोलमधल्या रेणूंचा वरचाच आकडा) भाग, येतं ४.०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल. आता प्लांकचा स्थिरांक, म्हणजे ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, २.९९८ गुणिले १० चा ८ वा घात, आणि आलेल्या गुणाकाराला त्या एका बॉन्डच्या ऊर्जेने भागायचं. ४.९४ गुणिले १० चा उणे ७ वा घात मीटर, म्हणजेच ४९४ नॅनोमीटर, निळसर हिरवा प्रकाश. बरीच मुलं दुसऱ्या जागी घसरतात, किलोज्यूलचं ज्यूल करायचं विसरतात, मग उत्तर जवळजवळ अर्धा मिलीमीटर येतं, तेही असंच बघताक्षणी खटकायला हवं.

घाईत असशील तर शॉर्टकट आहे. तिन्ही स्थिरांक एकदाच गुणून ठेवले आणि युनिट्स जुळवून घेतले की एकच आकडा उरतो, १,१९,६२७. त्याला किलोज्यूल पर मोलमधल्या बॉन्ड एन्थाल्पीने भागलं की थेट नॅनोमीटर मिळतात. मी तर १,२०,००० धरून तोंडीच करतो, परीक्षेत ऑप्शन एवढे जवळजवळ नसतातच. फक्त बोर्डाच्या पेपरला पूर्ण पायऱ्या लिही, नुसता शॉर्टकट लिहून मार्क मिळत नाहीत.

आता "जास्तीत जास्त" का ते. वेव्हलेंग्थ आणि ऊर्जा उलट्या चालतात, वेव्हलेंग्थ वाढली की फोटॉनची ऊर्जा कमी. तू म्हणतेस ते "कमीत कमी" बरोबरच आहे, पण ते ऊर्जेच्या बाजूने, आणि कमीत कमी ऊर्जा म्हणजेच जास्तीत जास्त वेव्हलेंग्थ. ४९४ च्या अलीकडचं म्हणजे ४५०, ४००, ३५० वगैरे सगळं चालेल, पलीकडचं ६०० किंवा ७०० चालणार नाही. आणि नाही म्हणजे नाहीच, लाल दिवा कितीही मोठा लावला तरी नाही, कारण ७०० नॅनोमीटरच्या फोटॉनचा हिशोब पर मोल जेमतेम १७१ किलोज्यूल होतो आणि दोन फोटॉननी मिळून एक बॉन्ड तोडायचा हा प्रकार साध्या दिव्याखाली होत नाही (प्रचंड ताकदीच्या लेझरखाली होतो, तो तुमच्या सिलॅबसमध्ये नाही). माडावरचा नारळ पाडायला पोरं दिवसभर शेंगदाण्याएवढे खडे मारत बसली तरी नारळ हलत नाही, एकच धोंडा नीट बसला की काम होतं, तसं आहे हे. आईनस्टाईनने १९०५ मध्ये प्रकाश असा सुट्या सुट्या पुडक्यांत येतो असं मांडलं त्यामागे हीच गोष्ट होती, पुडकी किती आहेत यापेक्षा एकेक पुडकं केवढं आहे ते महत्त्वाचं.

इथपर्यंत शीटचं झालं. पण शीट ज्या ठिकाणी संपते तिथे खरी मजा सुरू होते आणि तुझ्या बाबांची ताडपत्रीही तिथेच येते, म्हणून थोडं थांब.

आधी काही आकडे काढून बघू. आयोडीनचा बॉन्ड १५१, वेव्हलेंग्थ ७९२ नॅनोमीटर. ब्रोमीन १९३ म्हणजे ६२०. क्लोरीन ४९४ आत्ताच काढलं. कार्बन-कार्बन सिंगल बॉन्ड ३४७, म्हणजे ३४५ नॅनोमीटर. कार्बन-हायड्रोजन ४१३, म्हणजे २९०. ऑक्सिजनच्या रेणूतला डबल बॉन्ड ४९८, म्हणजे २४०. नायट्रोजनचा ट्रिपल ९४५, म्हणजे १२७. आता यात एक रेघ मार, २९० ते ३०० च्या आसपास. जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश साधारण तिथून पुढचाच असतो, त्याच्या अलीकडचा वरचा ओझोन गिळून टाकतो. ऑक्सिजनचे २४० रेघेच्या फार अलीकडे पडतात म्हणून आपण श्वासात घेतो ती हवा उन्हात तुटत नाही, पण वर स्ट्रॅटोस्फियरमध्ये (वातावरणाच्या वरच्या थरात) तो छोट्या वेव्हलेंग्थचा प्रकाश असतो, तिथे ऑक्सिजन तुटतो आणि सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटून ओझोन होतो. हे सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलं. म्हणजे ज्या छत्रीमुळे खाली २४० चा प्रकाश येत नाही ती छत्री २४० च्याच प्रकाशाने बनते, मला हे दरवर्षी शिकवताना आवडतं.

रेघेच्या पलीकडे बघ आता. कार्बन-कार्बनचे ३४५ पडतात उन्हाच्या हद्दीत, मग नुसत्या गणिताने बोलायचं तर मालवणच्या उन्हात कार्बन-कार्बन बॉन्ड असलेलं सगळं, म्हणजे खोबरेल, साखर, लाकूड, तू आणि मी, भराभर तुटायला हवं. तसं होत नाही. कारण ऊर्जा पुरेशी असणं ही फक्त अर्धी अट आहे, दुसरी अर्धी अट अशी की रेणूने तो प्रकाश आधी शोषायला हवा. जो प्रकाश आरपार निघून गेला तो कितीही ताकदवान असला तरी काही करत नाही. पुस्तकात याला ग्रोथस-ड्रेपरचा नियम म्हणतात, एका ओळीत उरकलेला असतो, पण माझ्या मते या सगळ्या धड्यातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

क्लोरीनचंच घे. गणित म्हणतं ४९४ पुरे. पण क्लोरीन सगळ्यात जोरात शोषतो ३३० च्या आसपास, ४९० च्या जवळ तो फारच कमी शोषतो. म्हणजे ४९४ ही हद्द झाली, त्या हद्दीवर उभं राहून काम जोरात होईल असं नाही. मिथेन आणि क्लोरीनची रिॲक्शन उन्हात होते ती मुख्यतः अल्ट्राव्हायोलेट आणि जांभळ्या भागामुळे, आणि एकदा एक क्लोरीन अणू सुटला की तो साखळी चालवून हजारो रेणू बदलतो, त्यामुळे थोडे फोटॉन लागले तरी चालतं.

आणि उलटं उदाहरण म्हणजे जुन्या फ्रिजमधला गॅस, सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन). कार्बन-क्लोरीन बॉन्ड साधारण ३३० धर, वेव्हलेंग्थ येते ३६० च्या पुढे. नुसतं गणित बघितलं तर खालीच, उघड्या उन्हात हा गॅस तुटून संपायला हवा होता. पण सीएफसी ३६० ला शोषतच नाही, ३०० लाही नाही, त्याला २२०-२३० च्या अलीकडचा प्रकाश लागतो आणि तो खाली येत नाही. म्हणून हा गॅस खाली वर्षानुवर्षं तसाच राहतो, हळूहळू वर स्ट्रॅटोस्फियरमध्ये पोचतो आणि तिथे तुटून क्लोरीन सोडतो, तो क्लोरीन ओझोन खातो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे सांगितलं, १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९५ मध्ये त्या दोघांना क्रुट्झन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. सगळा घोळ "कुठे तुटू शकतो" आणि "कुठे तुटतो" यातल्या फरकाचा.

आता ताडपत्री. निळी ताडपत्री म्हणजे पॉलिथिन, नुसत्या कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. अगदी शुद्ध पॉलिथिन ३०० च्या पुढचा प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे ते उन्हात वर्षानुवर्षं टिकायला हवं. पण कारखान्यात ते वितळवून ओढताना गरम असताना हवेतला ऑक्सिजन थोडा लागतोच, साखळीत इथे तिथे ऑक्सिजनचे गट बसतात, थोडा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ) उरलेला असतो, आणि हे पाहुणे मात्र ३०० ते ४०० मधला प्रकाश छान शोषतात. त्यातले पेरॉक्साइडचे ऑक्सिजन-ऑक्सिजन बॉन्ड तर फारच लेचेपेचे, ते तुटले की रॅडिकल (बॉन्ड अर्धवट राहिल्याने दुसऱ्याला पकडायला टपलेले तुकडे) सुटतात, हवेतला ऑक्सिजन घेऊन शेजारची साखळी धरतात, त्यातून नवीन पेरॉक्साइड, ते परत तुटतं, असं करत लांब साखळ्यांचे तुकडे होतात. बाबांना विचार, पहिल्या वर्षी ताडपत्री मऊ असते, घडी होते, मग वरून पांढुरकी पडते, आणि एक दिवस दुमडायला गेलं की घडीवर कडकन तडकते आणि बोटांना निळा भुगा लागतो. तर हो, बाबांचं बरोबर आहे, वतानच खाल्ल्यान, फक्त ऊन एकटं नव्हतं, सोबत हवाही जेवायला बसली होती.

प्रश्न २ (होडीमालक, हर्णै): आमच्याकडे एकाच वेळी घेतलेले दोर आहेत, काळा दोर चांगला चाललाय आणि पांढऱ्याची कुसळं निघायला लागलीत, हातात रुततात. दुकानदार म्हणतो काळ्यात पावडर असते म्हणून टिकतो. पण काळं तर उन्हात जास्त तापतं, मग तेच आधी खराब व्हायला नको का? आणि जाळी-दोर पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात कुठे ठेवावेत?

उत्तर: दादा, तुमची शंका एकदम रास्त आहे आणि दुकानदारही खरं बोलतोय. काळ्या दोरात कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे बारीक काजळीच समजा, साधारण दोन टक्के टाकतात. ते अल्ट्राव्हायोलेट प्रकाश स्वतः पिऊन घेतं आणि त्याची उष्णता करून सोडून देतं, त्यामुळे प्लास्टिकच्या साखळीपर्यंत तो प्रकाश पोचतच नाही. वरच्या उत्तरात म्हटलं ना की प्रकाश कोण शोषतो त्यावर सगळं आहे, तेच इथे उलटं वापरलंय, शोषायचं काम दुसऱ्याला दिलं. काळा दोर जास्त तापतो हे खरंच, पण उन्हात दोर तापून जेवढा तापेल तेवढ्याने कार्बन-कार्बन बॉन्ड थेट तुटत नाहीत. गरमीने आधीपासून चाललेली रिॲक्शन थोडी वेगाने होते एवढंच, आणि सुरुवात करून देणारा प्रकाशच अडवलेला असेल तर तिचा फारसा त्रास नाही.

पांढरे, पिवळे, हिरवे दोर बहुतेक पॉलिप्रोपिलीनचे असतात. पॉलिप्रोपिलीन हलकं, पाण्यावर तरंगतं, स्वस्त पडतं, पण उन्हाच्या बाबतीत पॉलिथिनपेक्षाही नाजूक, कारण त्याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन जरा सैल बसलेला असतो आणि रॅडिकल आधी त्यालाच पकडतं. म्हणजे रंगीत घ्यायचाच नाही असं नाही, घेताना यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का ते विचारा, त्यात वेगळं केमिकल घातलेलं असतं जे सुटलेल्या रॅडिकलना आवरतं. फरक किमतीत दिसतो आणि तो फरक देण्यासारखा असतो असं माझं मत आहे, कारण नांगराचा दोर भर वाऱ्यात तुटला तर दोराच्या किमतीचा विषयच राहत नाही.

कुसळं निघाली म्हणजे बाहेरचे तंतू गेले. जाड दोरात आतले तंतू सावलीत असल्यासारखे असतात, त्यामुळे आत बरेचदा जीव असतो, पीळ उकलून बघा, आतला तंतू वाकवला की वाकतो की मोडतो. वाकत असेल तर बांधाबांधीच्या हलक्या कामाला ठेवा, नांगराला आणि ओढकामाला नको. जाळ्याचं तसं नाही, धागा बारीक, आत सावली कुठली, त्यामुळे उघड्यावर पडलेलं जाळं दोराच्या आधी जातं, नायलॉनचं असलं तरी.

बंदीच्या काळात शेडमध्ये ठेवता आले तर उत्तमच. नाही तर माडाच्या झावळ्या टाका, काळं प्लास्टिक टाका, काहीही पण प्रकाश अडला पाहिजे. पावसाचे ढग आहेत म्हणून निवांत राहू नका, ढगातूनही अल्ट्राव्हायोलेट बऱ्यापैकी खाली येतं, नुसतं ऊन दिसत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. खारं पाणी मात्र या प्लास्टिकच्या दोरांचं फार काही बिघडवत नाही. सुकलेल्या मिठाचे खडे तंतूंमध्ये घासतात, म्हणून ठेवण्याआधी गोड्या पाण्यातून काढलेत तर बरं.

प्रश्न ३ (गृहिणी, वेंगुर्ला): मे महिन्यात आंब्याची साठं (आंबापोळी) घालतो. उन्हात पाणी उडून जातं म्हणजे ऊन पाण्याचे बॉन्ड तोडतं का? मुलगा म्हणतो तोडतं. आणि जास्त दिवस उन्हात राहिली तर वरचा केशरी रंग फिका का पडतो?

उत्तर: ताई, मुलाला सांगा की नाही. पाणी उडतं तेव्हा पाण्याचा रेणू अख्खाच्या अख्खा वाफ होऊन जातो, त्याच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बॉन्ड जागचा हलत नाही. फक्त एका रेणूने दुसऱ्या रेणूचा धरलेला हात सुटतो. आकडे बघा, पाण्याची वाफ करायला मोलमागे ४४ किलोज्यूल पुरतात, आतला बॉन्ड तोडायचा तर सरासरी ४६३. प्रकाशाने तोडायचं तर गणितात २५८ नॅनोमीटर येतात आणि प्रत्यक्षात पाण्याची वाफ शोषायला लागते ती साधारण १९० च्या अलीकडे, असला प्रकाश वेंगुर्ल्याच्या अंगणात कधी येत नाही. शिवाय वाफ व्हायला एकाच फोटॉनने सगळी ऊर्जा द्यावी असंही काही नाही, उष्णता थोडी थोडी साठत जाते, वाराही मदत करतो, म्हणून तर पंख्याखालीही साठं सुकतात, वेळ लागतो एवढंच. मुलगा अडून बसला तर विचारा की बॉन्ड तुटले असते तर हायड्रोजन गॅस निघाला असता, मग साठाच्या ताटाशेजारी काडी ओढायची कुणाची हिंमत झाली असती?

रंगाचं मात्र खरंच प्रकाशाचं काम आहे. आंब्याचा केशरी रंग कॅरोटीनचा, त्याच्या साखळीत एकाआड एक डबल बॉन्ड असतात आणि त्यामुळेच तो निळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला केशरी दिसतो. इथे वरचं गणित लावलं तर गंमत होते, कार्बन-कार्बन डबल बॉन्ड ६१४, म्हणजे १९५ नॅनोमीटर, म्हणजे उन्हात रंग उडायलाच नको. उडतो कारण तो बॉन्ड प्रकाशाने सरळ तुटतच नाही. प्रकाश रेणूंना फक्त उत्तेजित करतो, बाकीचं काम हवेतला ऑक्सिजन त्या डबल बॉन्डवर जाऊन करतो, आणि त्याला १९५ चा प्रकाश लागत नाही, साधं ऊनही चालतं. शीटमधलं गणित फक्त सरळ तुटण्यापुरतं आहे, मधे तिसरा कुणी आला की ते लागू होत नाही.

तर करायचं काय. साठं सुकेपर्यंत ऊन द्या, वर पातळ मलमल टाकली तर माश्याही बसत नाहीत आणि प्रकाशही थोडा कमी होतो. सुकली की लगेच काढा, उगाच अजून एक दिवस असू दे म्हणून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, काचेच्या बरणीत ठेवून खिडकीत शोभेला नको, साधी काच निळा प्रकाश अजिबात अडवत नाही. आणि साठ काळपट पडलं असेल तर ते वेगळं, ते गरमीने साखर आणि आंब्यातले बाकीचे घटक एकमेकांना लागून होतं, त्याला प्रकाशाचा दोष देऊ नका, खायलाही काही हरकत नसते.